दिवस भरावेत म्हणून

घाटकोपर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ‘सेठ व्ही. सी. गांधी आणि एम. ए. व्होरा महापालिका रुग्णालय’ असं सांगितलं तर तो बुचकळ्यात पडेल. ‘राजावाडी’ म्हटलं की लगेच मीटर टाकेल. मुलुंडला ‘मनसादेवी तुलसीराम अगरवाल’चं नुसतं ‘अगरवाल’ झालं आहे, बोरिवलीला ‘हरिलाल भगवती’चं ‘भगवती’. उपनगरांतल्या हजारो बायका बाळंतपणासाठी जिथे नाव घालतात, त्या पालिका रुग्णालयांच्या पाट्यांवर अशी घराण्यांची नावं आहेत. व्यापारात, कारखान्यात कमावलेल्या पैशातला वाटा दवाखान्याला द्यायचा, ही मुंबईची जुनी रीत. १९५० साली अंधेरी-घाटकोपरची उपनगरं आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंतचा पट्टा बृहन्मुंबईत आला आणि ती रीतही शहराबरोबर उत्तरेकडे सरकली.

त्या पैशातून इमारती उभ्या राहिल्या, खाटा आल्या, पुढे वॉर्मर आणि काचेच्या पेट्या आल्या. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं बाळ जगवायचं तर हे सगळं लागतंच. पण बाळाने सातव्या महिन्यात येऊच नये, आईचे दिवस पुरते भरावेत, यासाठी लागणारा पैसा कितीतरी आधी खर्च व्हावा लागतो. तो तिच्या जेवणात, विश्रांतीत, रक्ताच्या तपासणीत पोचावा लागतो, तिच्या मशेरीच्या डबीपर्यंत जावा लागतो. पाटीवर नाव लागेल असं त्यातून काहीच उभं राहत नाही. असा ‘आधीचा’ पैसा मुंबईत कुणी दिला, का दिला आणि त्यातून काय हाती लागलं, ही गोष्ट शंभर वर्षांची आहे. तिची सुरुवात गिरणगावात होते.

१९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने गिरण्यांतल्या बायकांची बाळंतपणं कशी होतात हे पाहण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरची नेमणूक केली. चाळींतून आणि गिरण्यांतून फिरून त्यांनी लिहिलेला अहवाल १९२२च्या ‘लेबर गॅझेट’मध्ये आला. पोटुशा बायका जड दिवसांतही खात्यावर उभ्या असत. बाळंत झाल्यावर लवकरच कामावर परतावं लागे, म्हणून तान्ह्यांना अफू देऊन झोपवलं जाई. रजा घेतली तर मजुरी बुडायची आणि घर त्या मजुरीवर चालायचं.

याच गिरण्यांच्या संपत्तीतून १९२६ साली परळला नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभं राहिलं. नेस आणि कुसरो वाडिया या भावांनी ते वडिलांच्या स्मरणार्थ बांधलं. तीन वर्षांनी, १९२९ साली, आईच्या नावाने बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय सुरू झालं. गिरणी कामगारांच्या बायकांसाठी ही फार मोठी गोष्ट होती. कित्येक पिढ्या तिथे जन्मल्या. तरीही तो दरवाजा कळा सुरू झाल्यावर उघडायचा.

आधीच्या महिन्यांचा प्रश्न कायदेमंडळात आला. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. लोककल्याणाचा भार मुळात सरकारचा, हे त्यांनी मान्य केलं. पण पुरुषांऐवजी बायका कामाला ठेवल्याने ज्या मालकाचा खास फायदा होतो, त्याने या खर्चाचा काही वाटा उचलणं न्याय्यच आहे, हा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी मुंबईचा प्रसूती लाभ कायदा झाला, या विषयावरचा देशातला पहिला. वाडियांनी जे दिलं ते दान होतं. आंबेडकरांनी मागितलं ते देणं होतं. उद्योगाने आईसाठी काही करायचं ते मर्जीने की कर्तव्य म्हणून, हा वाद तेव्हापासून या शहरात चालू आहे.

स्वातंत्र्यानंतर कारखाने उपनगरांत आले. पिरोजशा गोदरेज यांनी विक्रोळीची जमीन १९४३ साली लिलावात घेतली होती. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या तिथेच घडल्या. पवईत लार्सन अँड टुब्रो आली. आग्रा रोडच्या दोन्ही अंगांना, भांडुप-मुलुंडपर्यंत, चिमण्या उभ्या राहिल्या. जॉन्सन अँड जॉन्सनने १९५९ साली देशातला आपला पहिला कारखाना मुलुंडला काढला. बाळाच्या पावडरच्या ज्या डब्याचा वास मराठी मध्यमवर्गाच्या बारशात भरून राहिला, तो डबा याच मुलुंडचा. १९६१ साली देशभरासाठी प्रसूती लाभाचा कायदा झाला, काही कंपन्यांनी कामगारांच्या कुटुंबांसाठी स्वतःचे दवाखाने काढले आणि गेटच्या आतल्या बाईला आधार मिळाला.

गेटच्या बाहेरच्या बाईचं काय? घाटकोपरच्या डोंगरावर, अंधेरीच्या नाल्याकाठी, मालाड-मालवणीत, गोवंडीत राहणारी ती चार घरची धुणीभांडी करते, घरी बसून इमिटेशन दागिन्यांना खडे चिकटवते, बांधकामावर घमेली उचलते. तिला मालक असा नाहीच, किंवा रोज वेगळा आहे. १९२९चा कायदा तिच्यापर्यंत पोचत नव्हता आणि १९६१चाही पोचला नाही. ही मोकळी राहिलेली जागा पुढे स्वयंसेवी संस्थांनी धरली आणि कंपन्यांचा पैसा त्यांच्यामार्फत येऊ लागला.

असा पैसा नेमका अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांकडे वळवण्याची सर्वांत मोठी घडी अमेरिकेत बसली. १९३८ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी पोलिओविरुद्ध एक संस्था काढली. लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी, म्हणजे डाइम, पाठवली आणि तिला ‘मार्च ऑफ डाइम्स’ हे नाव पडलं. १९५५ साली पोलिओची लस आली, संस्थेचं काम फत्ते झालं. पण दुकान बंद न करता १९५८ साली तिने जन्मजात व्यंगांचा विषय हाती घेतला आणि २००३ साली अकाली प्रसूतीविरुद्ध मोहीम उघडली. १९७०पासून तिच्या पदयात्रा निघतात. त्यांत कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे जथे एकसारखे शर्ट घालून चालतात आणि निधी गोळा करतात. दर १७ नोव्हेंबरला जगभर जो अकाली जन्म जागृती दिन पाळतात, त्यामागे अशाच संस्थांची आणि पालकांच्या संघटनांची ताकद आहे.

मुंबईत मात्र सुरुवात पदयात्रेने झाली नाही. ती दुधाने झाली.

सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ऐंशीच्या दशकात डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात विभाग पाहत होत्या. धारावीपासून पूर्व उपनगरांपर्यंतच्या वस्त्यांतून तिथे बाळं यायची. काही किलो-दीड किलोची, कातडी पातळ, चोखायची ताकद नसलेली. पावडरच्या दुधाने त्यांना जुलाब लागत, संसर्ग होत आणि बाळं जात. परदेशात पाहिलेल्या दूधपेढीवरून त्यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी सायनला मानवी दूधपेढी सुरू केली, आशियातली पहिली. तिचं नाव ‘स्नेहा’. पद्धत आजही तीच आहे. ज्या आईला जास्त दूध येतं ती काढून देते, ते साडेबासष्ट अंश तापमानाला अर्धा तास तापवतात, जंतूंची तपासणी करतात, उणे वीस अंशांवर गोठवतात आणि ज्या बाळाच्या आईला अजून दूध उतरलेलं नाही, त्याच्या नळीतून थेंब थेंब सोडतात. देणारी आणि घेणारी, दोघी बहुतेकदा सारख्याच चाळी-झोपड्यांतून आलेल्या. देणगी म्हणजे शेठचाच प्रांत, असं समजणाऱ्यांनी हा वॉर्ड पाहायला हवा.

पण त्याच वॉर्डात डॉ. फर्नांडिस यांना दिसत होतं की आपण बाळ वाचवून घरी पाठवतो आणि त्याच गल्लीतून पुढचं अपुऱ्या दिवसांचं बाळ येतं. आई तशीच पांडुरोगी, तिचं नाव उशिरा घातलेलं, पहिल्या मुलात आणि दुसऱ्यात जेमतेम वर्षाचं अंतर. म्हणून १९९९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘स्नेहा’ याच नावाची संस्था काढली आणि काम वस्तीत नेलं.

इथे बँकेचा पैसा येतो. २००४च्या सुमारास स्नेहा, मुंबई महापालिका आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे संशोधक एकत्र आले आणि आयसीआयसीआयने वेलकम ट्रस्टच्या जोडीने त्यांच्या नवजात आरोग्य प्रकल्पाला निधी दिला. सहा वॉर्ड निवडले गेले. अंधेरी पश्चिमेचा के-पश्चिम, मालाडचा पी-उत्तर, वांद्रे पूर्वेचा एच-पूर्व, गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व हे त्यात होते. ४८ वस्त्या घेतल्या, २४ मध्ये बायकांचे गट बसवले, २४ तशाच ठेवल्या. कार्यकर्त्या खोल्याखोल्यांत सतरंजी घालून बायकांना एकत्र करत. गरोदरपणात कुणाला काय झालं, धोक्याची खूण कुठली, दवाखान्यात कधी निघायचं, यावर बायका आपापसांत बोलत. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात अशाच गटांमुळे नवजात मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले होते. मुंबईत तेच घडेल अशी आशा होती.

तसं घडलं नाही. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गट असलेल्या आणि नसलेल्या वस्त्यांत नवजात मृत्यूंच्या बाबतीत सुधारणेचा फरक दिसला नाही. नेपाळच्या डोंगरात बाळंतपण घरी व्हायचं, मुंबईत बहुतेक बायका आधीच दवाखान्यात जात होत्या. अडचण बाईच्या अज्ञानापेक्षा तिला मिळणाऱ्या सेवेची, एका दवाखान्यातून दुसऱ्यात होणाऱ्या पाठवणीची होती. स्नेहाने पालिकेबरोबर त्याच बाजूवर जोर दिला: प्रसूतिगृह, उपनगरी रुग्णालय आणि मोठं रुग्णालय यांची साखळी, कुठल्या बाईला कुठे आणि कधी पाठवायचं याचे ठरलेले नियम. आठव्या महिन्याच्या आधीच कळा सुरू झालेल्या बाईला तीन दरवाजे फिरवावे लागू नयेत, एवढी साधी ती गोष्ट. एखाद्या कंपनीच्या वार्षिक अहवालात ‘फरक दिसला नाही’ हे वाक्य बसवणं अवघड असतं. म्हणूनच अशा प्रयोगाला पैसा देणाऱ्यांचं मोल मोठं आहे. उत्तर नकारार्थी आलं तरी ते पूर्ण शहराच्या कामी आलं.

दुसरा प्रयोग स्वयंपाकघरातला. २००६ साली मुंबईच्या वस्त्यांत ‘सारस’ या नावाने प्रकल्प सुरू झाला. त्याचा निधी देणाऱ्यांतही वेलकम ट्रस्टसारख्या परदेशी संस्थांबरोबर आयसीआयसीआय बँक होती. मुंबईच्या सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंजचे डॉ. रमेश पोतदार आणि साउथॅम्प्टनच्या प्रा. कॅरोलिन फॉल हे त्याचे प्रमुख. कल्पना घरगुती होती. बाईला गोळी देण्याऐवजी खाणं द्यायचं आणि तेही दिवस राहण्याच्या आधीपासून. प्रकल्पाच्या स्वयंपाकघरात रोज ताजा पदार्थ बने. समोशासारखा, भजीसारखा, बायकांना आवडेल असा, पण आत पालेभाजी, फळं, दूध. तुलनेच्या गटाला तसाच दिसणारा पदार्थ मिळे, आत बटाटा-कांदा. बाई वस्तीतल्या केंद्रावर यायची, कार्यकर्तीसमोर खायची आणि वहीत नोंद व्हायची. सहा हजारांहून अधिक बायका यात होत्या.

२०१४ साली हाती आलेलं उत्तर गुंतागुंतीचं आहे. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर बाळांच्या वजनात ठोस फरक नाही. पण ज्यांनी दिवस राहण्याआधी किमान तीन महिने तो पदार्थ खाल्ला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जड होती, आणि अगदी अशक्त बायकांपेक्षा बऱ्या अंगाच्या बायकांना त्याचा लाभ जास्त झाला. गरोदरपणातला मधुमेहही पालेभाजीच्या गटात कमी आढळला. म्हणजे डोहाळजेवणाचं ताट सातव्या महिन्यात भरून चालत नाही. हाडापर्यंत गेलेली उपासमार तीन महिन्यांच्या समोशाने भरून निघत नाही. तिची भरपाई मुलगी शाळेत असल्यापासून करावी लागते.

याच्या काही वर्षं आधी डॉ. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी मुंबईच्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास केला. तो २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. विषय होता धूर नसलेली तंबाखू आणि मुंबईत ती मुख्यतः मशेरीच्या रूपात भेटते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली, डबीत भरलेली, सकाळी दातांना लावायची. कोकणातून, देशावरून आलेल्या बायकांची ती पिढीजात सवय. पोट साफ होतं, दात दुखत नाही, भूक मरते. तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी निघाली, त्यांचे दिवस सहा दिवसांनी कमी भरले आणि अकाली प्रसूतीची शक्यता वाढलेली दिसली. सहा दिवस ऐकायला थोडे वाटतात. काठावरच्या बाळासाठी ते फुप्फुसं तयार होण्याचे दिवस असतात.

डॉ. गुप्ता यांची ‘हीलिस’ ही संस्था नवी मुंबईत आहे आणि तिच्या नावात ‘सेखसरिया’ आहे. अंबुजा सिमेंटचे संस्थापक नरोत्तम सेखसरिया यांच्या प्रतिष्ठानाने तिला आणि ‘सलाम बॉम्बे’ या शाळकरी मुलांना तंबाखूपासून दूर ठेवणाऱ्या संस्थेला बळ दिलं. सिमेंटच्या कमाईतला पैसा मशेरीच्या डबीपर्यंत पोचला, तो असा.

कुणाचा पैसा घ्यायचा हे जितकं महत्त्वाचं, तितकंच कुणाचा घ्यायचा नाही हेही. या प्रश्नाचं रोखठोक उत्तर देण्यात महाराष्ट्राचा मोठा हात आहे. १९९१ साली वर्ध्याला स्तनपानाचा पुरस्कार करणाऱ्या संस्थांचं देशव्यापी जाळं जन्मलं. मुंबईत डॉ. आर. के. आनंद यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनी ग्राहक चळवळीला हाताशी धरून दूधपावडर कंपन्यांशी झुंज घेतली. १९९२ साली बाटलीच्या दुधाच्या जाहिरातींना चाप लावणारा कायदा आला आणि २००३च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला. या कंपन्यांना डॉक्टरांच्या परिषदा, संशोधन, भेटवस्तू यांवर खर्च करता येत नाही. अपुऱ्या दिवसांचं बाळ हेच त्यांचं सर्वांत हमखास गिऱ्हाईक असल्याने ही बंदी सर्वांत जास्त गरजेची होती ती नवजात विभागाच्या दाराशी.

मुलुंडच्या, बाळाच्या पावडरच्या कंपनीचा प्रवास वेगळ्या वळणाने गेला. २०११ साली जॉन्सन अँड जॉन्सन आणि अमेरिकी सरकारची मदतसंस्था यांनी मोबाइल फोनवरून गरोदर बायकांना माहिती देण्यासाठी आंतरराष्ट्रीय भागीदारी उभी केली. तिचा मुंबईतला आविष्कार म्हणजे ‘एममित्र’. तो चालवणारी ‘आरमान’ ही संस्था डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली काढली होती. सायनच्याच रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर असताना टाळता येण्याजोगे मृत्यू त्यांनी जवळून पाहिले होते. एममित्र २०१४ साली मुंबईत सुरू झालं. पालिका रुग्णालयात किंवा वस्तीत बाईची नोंद होते, तिची भाषा विचारतात आणि फोन कधी केलेला चालेल तेही विचारतात, कारण अनेक घरांत फोन एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात. मग गरोदरपणाच्या महिन्याप्रमाणे आणि पुढे मूल वर्षाचं होईपर्यंत आवाजी निरोप येत राहतात.

जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंडच्या पावडरचा परवाना सप्टेंबर २०२२ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने रद्द केला आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्दबातल ठरवला. देणाऱ्याचं नाव बाळाशी जोडलेलं असेल तर त्याच्या प्रत्येक गोष्टीकडे आईचं लक्ष राहणार आणि ते राहायलाच हवं.

२०१४पासून दानाचं पुन्हा देणं झालं. कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. २०१३च्या मूळ कायद्याच्या सातव्या परिशिष्टात बालमृत्यू कमी करणं आणि मातांचं आरोग्य सुधारणं असा स्वतंत्र विषय होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये यादी बदलली आणि तो विषय ‘आरोग्यसेवा’ या मोठ्या शब्दात विरघळला. पैसा वाढला, महाराष्ट्राला त्याचा मोठा वाटा मिळतो. मात्र कंपनीचं वर्ष एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपतं आणि बाईचं गरोदरपण ते पाहत नाही. ऑगस्टमध्ये दिवस राहिलेली बाई मेमध्ये बाळंत होते. तोवर प्रकल्पाचा पैसा संपलेला, हिशेब लिहून झालेला. २०२१च्या नियमांनी तीन वर्षांपर्यंत लांबणाऱ्या प्रकल्पांना वाट करून दिली. सारसचा समोसा किती आधीपासून खावा लागला हे आठवलं, तर तीन वर्षंही अपुरीच आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली जगात १ कोटी ३४ लाख बाळं सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मली, त्यातली सुमारे ३० लाख एकट्या भारतात. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंडच्या वस्त्यांत यंत्रं आता पूर्वीपेक्षा बरी आहेत. आधीच्या महिन्यांचं काम अजून पायी चालतं: आरोग्यसेविकेच्या वहीत, रक्त तपासणाऱ्या ताईच्या पिशवीत, लोहाच्या गोळ्यांच्या पाकिटात.

आणि फोनवर. निरोप ऐकणं मध्येच सोडून देणाऱ्या बायका बऱ्याच असतात. त्यांच्यापैकी कुणाला माणसाने स्वतः फोन करावा, हे ठरवायला २०२२पासून आरमान गूगलच्या संशोधकांनी घडवलेली संगणकप्रणाली वापरते. शेवटी मात्र एक कार्यकर्तीच नंबर लावते. एखाद्या दुपारी, बाईने स्वतः सांगितलेल्या वेळेला, डोंगरावरच्या खोलीत तो फोन वाजतो. पाणी भरून झालेलं असतं, मोठं मूल शाळेतून यायचं असतं. अठ्ठावीस आठवडे झालेले असतात, अजून नऊ तरी जायला हवेत. पलीकडची ताई विचारते, गोळ्या चालू आहेत ना, पायाला सूज आहे का, पुढची तपासणी कधीची आहे.